दंड घातलेले लुगडे

दिवाळीच्या आगेमागे वर्धा जिल्ह्यातील शेतांत कापसाची वेचणी सुरू झाली, की पऱ्हाटीच्या ओळींतून पुढे सरकणाऱ्या बायकांच्या अंगावर एक ठरावीक पेहराव दिसू लागतो. नेहमीची साडी, तिच्यावर पुऱ्या बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला कपाळापर्यंत ओढून बांधलेला दुपट्टा आणि कमरेला जुन्या साडीच्या धडप्याची ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकत जाण्यासाठी पोटाशी बांधलेली झोळी, असे त्याचे स्वरूप असते. शर्ट बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. कधी तो शाळेच्या गणवेशातला असतो आणि खिशावरचे बोधचिन्ह उसवून काढल्यावर त्या जागी उरलेला गडद चौकोन, भोवतालचा सगळा शर्ट उन्हाने विटून गेल्यामुळे, बांधावरूनही ओळखू येतो. बाही मनगटापर्यंत येत असल्याने उकललेल्या बोंडाच्या वाळक्या नख्यांनी हात ओरबाडले जात नाहीत, कॉलर उभी केली की मानेला ऊन लागत नाही, आणि एरवी पेटीच्या तळाशी पडून राहिला असता असा शर्ट आणखी तीन-चार हंगाम कामी येतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तेव्हा हात जितका निर्धास्त चालेल तितकी ओटी लवकर भरते. या पेहरावाची सारी रचना त्या एका हिशेबावर बेतलेली आहे.

शहरांतील कपड्यांच्या व्यवहारात याच कृतीला अलीकडे निरनिराळी नावे मिळाली आहेत. दुसऱ्याने वापरलेला कपडा निवडून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकायला ठेवणे म्हणजे ‘थ्रिफ्ट’, जुन्या कपड्याची काटछाट करून त्यातून अधिक मोलाची वस्तू घडवणे म्हणजे ‘अपसायकल’, आणि पुरुषाचा सैल शर्ट स्त्रीने वर चढवणे ही तर मासिकांच्या रंगीत पानांवरची नेहमीची मांडणी झाली आहे. या नावांची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या कपड्याला काल चोरून ठिगळ लावावे लागत होते, तो नाव मिळताच मिरवता येऊ लागतो, हा भाषेचा लहानसा पण खरा उपकार मानला पाहिजे. मराठीत मात्र या व्यवहाराच्या शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘जुनेर’ म्हणजे नेसून नेसून मऊ पडलेले, चारचौघांत नेसण्याजोगे न उरलेले, पण घरात अजून पुरते चालणारे लुगडे. ‘धडुते’ म्हणजे अंग झाकण्याइतके धड असलेले कोणतेही वस्त्र, त्यामुळे अंगावर धडुते नसणे ही दारिद्र्याची सर्वांत साधी व्याख्या ठरत असे. ‘धडपा’ म्हणजे लुगड्याचा किंवा धोतराचा फाडून घेतलेला मोठा तुकडा. आणि त्याखाली पटकूर, लक्तर, चिंधी अशा पायऱ्या उतरत जातात. ज्या समाजाने कापड इतक्या वेळा हातात घेऊन उलटसुलट पाहिले, त्यानेच त्याच्या झिजण्याचे इतके टप्पे मोजून ठेवावेत, हे स्वाभाविक होते.

या शब्दांत सर्वांत कसबी शब्द ‘दंड’ हा आहे. नऊवारी लुगडे सगळीकडून सारखे झिजत नाही. उठण्याबसण्याचा आणि काष्ट्याचा ताण ज्या भागावर येतो तो आधी विरतो, आणि दोन्ही टोकांकडचे कापड त्या मानाने धड राहते. अशा वेळी विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना शिवायचे, या शिवणीला दंड म्हणत. ऐकायला हे साधे वाटले तरी त्यात बारकावे होते. दोन्ही तुकड्यांचे काठ समोरासमोर बिनचूक यावे लागत, नाहीतर नेसल्यावर काठाची रेघ मध्येच तुटलेली दिसे. शिवण चपटी बसावी लागे, नाहीतर ती मांडीला टोचे. आणि होईल तितकी ती निऱ्यांच्या आत दडावी अशा बेताने कापण्याची जागा ठरवावी लागे. लांबी कमी झाल्यामुळे नेसण्याची ढबही बदलावी लागे, एखाददुसरी निरी कमी घ्यावी लागे, पदर वीतभर आखूड सोडावा लागे. म्हणजे फाटलेल्या जागेने नेसणारीला एक नवे नेसणे शिकवलेले असे. दंड घातलेल्या लुगड्यावर बाई लग्नाला जात नसे, पण बाजाराला खुशाल जाई, आणि शेजारणीच्या चौकस नजरेलाही शिवण सापडली नाही, तर त्याचा आनंद नव्या लुगड्याच्या आनंदाहून फार कमी नसावा. फॅशन या शब्दात जे कौशल्य, जी नजर आणि जी थोडीशी लबाडी गृहीत असते, ती सगळी या एका शिवणीत होती. अंगभर आरसा तेवढा घरात नव्हता.

दंडाने लुगड्याचे आयुष्य वाढे, आणि ते आयुष्यही सरले की त्याचा उतार सुरू होई. घरात बाळंतपण जवळ आले असेल तर हे मऊ जुनेर आठवणीने राखून ठेवले जाई, कारण नव्या जिवाला पहिले कापड जुने लावावे अशी रीत होती. या रीतीला पुढे शुभाशुभाचे अर्थ चिकटले, तरी तिच्या मुळाशी खळ निघून गेलेल्या कापडाचा मऊपणा आहे, हे कोणत्याही आजीला ठाऊक असे. दुपटी, लंगोट, टोपडी होऊन जे उरे ते गोधडीत जाई, गोधडी फाटली की तिच्या आतले थर पोतेरे होऊन सारवणाच्या शेणात बुडत, आणि अगदी शेवटची चिंधी पिळून, तेलात भिजवून तिचा काकडा होई. कार्तिकातल्या पहाटे देवळात होणाऱ्या काकडआरतीचे नाव चिंधीच्या या जाड वातीवरून पडले आहे. कापसाने कापड व्हावे, कापडाने वर्षानुवर्षे अंगावर राहावे आणि मग पुन्हा वात होऊन जळावे, असा हा फेरा एके काळी एका घराच्या चार भिंतींत पुरा होत असे.

जवळजवळ असाच उतार पाली विनयपिटकातही नोंदलेला आढळतो, आणि गावोगाव बौद्ध वस्त्या असलेल्या या वर्धा जिल्ह्यात त्याची आठवण परकी ठरू नये. त्यातील चुल्लवग्गाच्या एका कथेत उदेन राजाच्या राण्या बुद्धशिष्य आनंदाला पाचशे वस्त्रे दान देतात, तेव्हा राजाला शंका येते, की एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचे दुकान थाटणार आहे की काय. तो आनंदाला विचारतो आणि आनंद शांतपणे हिशेब देतो: ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत अशा भिक्षूंना ही वस्त्रे वाटली जातील, जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्या अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी, आणि ती फडकी कुटून, चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवली जाईल. राजाने विचारत जावे आणि आनंदाने प्रत्येक वेळी एक पायरी खाली उतरावे, अशी ही प्रश्नोत्तरे आहेत. गंमत अशी, की हिशेब ऐकून प्रसन्न झालेला राजा आणखी पाचशे वस्त्रे देऊन टाकतो. कमीत भागवणाऱ्याकडे पाहून देणाऱ्याचा हात सैल सुटतो, हा अनुभव बराच जुना दिसतो. भिक्षूचे चीवरही मुळात तुकडे जोडूनच करायचे असते, आणि त्या तुकड्यांची रचना मगधातील शेतांच्या बांधांवरून घेतली आहे असे परंपरा सांगते. अखंड कापड मिळाले तरी ते आधी कापायचे आणि मग पुन्हा जोडायचे, असा हा नियम आहे; त्यामुळे वस्त्राचा बाजारातला मोह शिवण्याआधीच संपतो.

गोधडीला विदर्भात वाकळही म्हणतात, आणि वऱ्हाडी बोलीत ळ चा य होत असल्याने तिचे वाकय होते. वरून व खालून एकेक मोठे लुगडे, मध्ये धोतरांचे, परकरांचे, सदऱ्यांचे थर आणि या सर्वांना एकत्र बांधणारा बोटाबोटाच्या अंतरावरचा धावदोरा, इतकीच तिची बांधणी असते. थर मध्ये दडलेले असल्याने तेथे कोणताही तुकडा कसाही टाकता येईल, पण शिवणारी तसे करत नाही; जाड तुकड्याशेजारी विरळ तुकडा येतो, जेणेकरून गोधडी एका जागी गठ्ठा होऊन बसत नाही, आणि वरच्या ठिगळांतही लाल खणाशेजारी हिरवा काठ येईल की निळा, याचा विचार झालेला असतो. या वस्तूचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याला मालक असतो हे आहे. हे वारलेल्या आजोबांचे धोतर, ही आत्याच्या लग्नातली चोळी, हा धाकट्याचा झबल्याचा काठ, असे बोट ठेवून सांगता येते, आणि थंडीत अंगावर घेतली जाते ती नुसती ऊब नसून ओळखीच्या माणसांची दाटी असते. तुकड्यांच्या या वस्त्राने विदर्भाला एक संतही दिला. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरात, म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्या कुटुंबात, जन्मलेले गाडगे महाराज अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र वागवीत, म्हणून त्यांना गोधडे महाराज आणि चिंधेबुवा अशीही नावे पडली. ज्या घराने गावाची चांगली वस्त्रे धुतली, त्याच घरातला माणूस गावाने टाकलेल्या चिंध्या नेसून गावाला स्वच्छता शिकवत हिंडला. यातला विरोधाभास त्यांच्या श्रोत्यांना न सांगताच कळत असला पाहिजे.

कपडे थोडे असणे आणि थोडे ठेवणे यांत मोठे अंतर आहे, आणि वर्धा शहराचा विसाव्या शतकातील इतिहास पुष्कळसा त्या अंतरात घडला आहे. त्याची सुरुवात आश्चर्यकारकपणे आगीने होते. 1921 साली परदेशी कापडाच्या होळ्या देशभर पेटल्या, तेव्हा वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांच्या घरातील परदेशी वस्त्रेही त्या आगीत गेली. जे कापड दुसऱ्या कोणाच्या घरी दहा वर्षे चालले असते, ते एका संध्याकाळी राख झाले. देशात माणसे उघडी असताना कापड जाळणे कितपत योग्य, असा प्रश्न रवींद्रनाथ ठाकूरांनी त्याच वर्षी उघडपणे विचारला, आणि तो आजही निरुत्तर करणारा वाटतो. ऑक्टोबर 1921 मध्ये ‘यंग इंडिया’त गांधींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की उघड्या माणसाला गरज कामाची आहे, त्याला काम न देता आपले उतरलेले कपडे देणे हा त्याचा अपमान आहे. या उत्तरात कापडापेक्षा देणाऱ्या हाताचा विचार अधिक आहे. जुने कापड कोणाकडून, कोणत्या नात्याने येते, यावर त्याची ऊब ठरते. आजीचे जुनेर आणि मालकिणीचे जुनेर यांचे सूत एकाच गिरणीचे असू शकते, पण अंगाला ती दोन्ही सारखी लागत नाहीत.

30 एप्रिल 1936 रोजी गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागल्याने पुढे 1940 मध्ये या गावाचे सेवाग्राम असे नामकरण झाले. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला स्वीकारलेला आखूड पंचा आणि थंडीत अंगाभोवती घेतलेली चादर एवढाच त्यांचा पेहराव येथेही होता. त्यांच्या राहत्या झोपडीत, म्हणजे बापूकुटीत, ठेवलेल्या मोजक्या वस्तूंकडे पाहणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते ती त्यांची संख्या, आणि मग हळूहळू लक्षात येते, की तेथे कपाट म्हणावे असे काही दिसत नाही. कपाट नसलेले घर ही कल्पना आज किती दूरची झाली आहे, हे ज्याच्या कपाटाचे दार आतल्या कपड्यांच्या दाबाने आपोआप उघडते त्यालाच कळेल.

गांधींभोवती जमलेल्या मंडळींत कपड्याच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक माणूस जे. सी. कुमारप्पा हा होता. लंडनला हिशेबतपासनीसाची आणि न्यूयॉर्कला अर्थशास्त्राची विद्या घेतलेला हा गृहस्थ 1929 मध्ये साबरमतीला गांधींना प्रथम भेटला तेव्हा अंगात रेशमी सूट होता, आणि त्या सुटानिशी तो सारवलेल्या जमिनीवर बसला. पाच वर्षांनी, 1934 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तो वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहू लागला, आणि धोतर व पायजमा यांच्या मधला, ‘धोतीजामा’ नावाचा एक पेहराव त्याने स्वतःसाठी तयार केला. रेशमी सूट सोडून थेट पंचा न गाठता मध्येच कुठेतरी थांबून आपल्या सोयीचे काही बेतावे, ही वृत्ती मोठी लोभस आहे. त्यागाच्या वातावरणातही शिंप्याची कात्री जिवंत होती, असे त्यावरून वाटते. मगनवाडीत हातकागदाचेही प्रयोग झाले, आणि सुती चिंध्या हा हातकागदाचा मुख्य कच्चा माल. चिंधी भिजवून, कुटून, तिचा लगदा चाळणीवर घेऊन वाळवला की तिचा कागद होतो. काकडा आणि सारवण यांच्या जोडीला चिंधीला हा आणखी एक शेवट मिळाला, आणि कोणाच्या तरी धोतराच्या कागदावर कोणीतरी पत्र लिहिले.

सेवाग्राममधून अखिल भारत चरखा संघाने 1945 मध्ये आणलेला एक नियम आता जवळजवळ विसरला गेला आहे. खादी विकत घ्यायची असेल तर किमतीचा काही भाग पैशात न देता स्वतः कातलेल्या सुताच्या रूपात द्यावा, असा तो नियम होता आणि त्याला सूत-शर्त म्हणत. सूत गुंडीत मोजले जाई. चार फुटांचा एक तार, आणि 640 तारांची एक गुंडी. सराईत हातालाही एका गुंडीसाठी चरख्यावर दोनेक तास बसावे लागे, आणि सूत तुटले की पेळूचे टोक पुन्हा जोडत ते वाढत. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला या शर्तीने एक अवघड प्रश्न विचारला होता: हे कापड तुला इतके हवे आहे काय, की त्यासाठी तू आधी काही संध्याकाळ चरख्यापाशी घालवशील? विक्रीच्या दृष्टीने हा नियम आत्मघातकी होता आणि खादी भांडारांना तो जड गेला नसता तरच नवल. पण खरेदीची इच्छा आणि खरेदीची कृती यांच्यामध्ये इतका लांब, इतका धीमा अवकाश दुसऱ्या कोणत्या दुकानदाराने मुद्दाम निर्माण केल्याचे सहसा ऐकिवात नाही.

या सगळ्याकडे दुसऱ्या बाजूने पाहणारी एक नजर याच गावात त्याच्या नऊ वर्षे आधी येऊन गेली होती. गांधी शेगावला आले त्यानंतर लगेचच, 1936 च्या मे महिन्याच्या आरंभी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना तेथे भेटले. एकाने वस्त्र उतरवून देशाशी नाते जोडले होते, तर दुसऱ्याचा नीटनेटका सूट ही त्याच्या लक्षावधी अनुयायांना स्वतःच्या अंगावर चढल्यासारखी वाटणारी गोष्ट होती. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाचे उतरलेले कपडे आले, ज्यांना प्रेतावरचे कापड हा बलुत्यातला हक्क म्हणून घ्यावा लागला, त्यांना जुन्या वस्त्राचे सौंदर्य सांगायला जाणे ही क्रूर थट्टा ठरली असती. तरीही आंबेडकरांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात नव्या कपड्यांचा आग्रह धरलेला नाही. कपडे फाटके असले तरी चालतील, ते स्वच्छ असावेत, आणि जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत बदलावी, अशी त्यांची सूचना होती. ती ऐकून बायकांनी तेथल्या तेथे आपले नेसणे बदलल्याचे त्या परिषदेच्या वृत्तान्तांतून कळते. लुगडे तेच, वार तेच, एक पैशाचीही खरेदी नाही, पण काठ पोटरीवरून घोट्यापर्यंत उतरला आणि नेसणारी दुसरी कोणी झाली. जुन्या वस्त्राची नवी मांडणी हा शब्दप्रयोग आज ज्या हलक्या अर्थाने वापरला जातो, त्याच्यापुढे महाडचा तो प्रसंग ठेवून पाहावा.

घरातले जुनेर आणि उपकाराचे जुनेर यांच्याखेरीज तिसरा एक मार्ग महाराष्ट्रातील शहरांना व मोठ्या गावांना फार दिवस माहीत आहे, तो बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचे बोचके घेऊन ही बाई दुपारच्या वेळी, घरातले पुरुष बाहेर असताना, येते. जुन्या साड्या आणि पँटी घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा देते. तिचे कापड पाहणे हा एक पाठच असतो. साडी ती घडीवर पाहत नाही, उजेडाकडे धरते, काखेकडचा आणि टाचेकडचा भाग नेमका शोधते, बोटाने ताणून विरलेपण जोखते आणि पातेल्याचा आकार एका बोटाने कमी करते. या व्यवहारात कोणी कोणाचा मिंधा राहत नाही, हे त्याचे मोठे सुख. पण कपडा बोचक्यात पडताच त्याचे नाव पुसले जाते, हे त्याचे मोल. पुढे तो कुठे धुतला जाईल, कोणत्या आठवडी बाजारात जमिनीवर मांडला जाईल, कोणाच्या अंगावर चढेल, हे देणारीला कळत नाही. युरोप-अमेरिकेत उतरलेले लोकरी कपडे हरियाणातील पानिपतला गठ्ठ्यांनी येतात आणि तेथे त्यांच्या चिंध्या करून पुन्हा सूत कातून ब्लँकेटे विणली जातात, ही त्याच निनावीपणाची मोठी आवृत्ती आहे. पानिपतचे ब्लँकेट पांघरणाऱ्याच्या अंगावरही अनेक माणसे असतात, पण गोधडीसारखी बोट ठेवून सांगता येतील अशी नव्हेत.

ठरवून थोडक्यात भागवण्याची सेवाग्रामची रीत आजही एका ठिकाणी दिसते: तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, विद्यार्थ्यांनी खादी वापरावी असा नियम आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना नेमून दिलेला साधेपणा कितपत रुचतो हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एकाच प्रकारच्या कापडाची मर्यादा पडली की तरुण माणसे काय करतात, याचे कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही. रंग, बटणे, बाहीची लांबी, गळ्याचा घेर, ओढणीची घडी, अशा लहानसहान जागा मग महत्त्वाच्या होतात. ओवीचे चरण ठरलेले असल्यामुळे तिच्यातले एखादे अनपेक्षित यमक जसे उठून दिसते, तसे काहीसे. कपाट भरलेले असताना ‘घालायला काहीच नाही’ ही तक्रार सुचते, आणि दोनच कुर्ते दोरीवर वाळत असताना आज कोणता घालावा याचा विचार अधिक बारकाईने होतो.

कापडाच्या त्या जुन्या उताराच्या वाटेत आज आलेला खरा अडथळा हव्यासाइतकाच धाग्याचाही आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस त्याच्या नावाने ओळखला जाई, हिंगणघाट आणि पुलगाव येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि पुढे त्या बंदही पडल्या. कापूस अजून याच मातीत पिकतो, पण तो वेचणारीच्या अंगावरची साडी बहुधा पॉलिस्टरची असते. ती स्वस्त असते, लवकर वाळते, रंग सोडत नाही, आणि हातात चार पैसे असणाऱ्या बाईला वर्षाकाठी तीन नव्या साड्या घेता येतात, हे सुख लहान लेखण्याचा अधिकार कोणाला नाही. फक्त या साडीला जुनेर होता येत नाही. ती मऊ पडत नाही म्हणून बाळाच्या अंगाला चालत नाही, पाणी पीत नाही म्हणून तिचे पोतेरे होत नाही, गोधडीत घातली तर थर एकमेकांवरून सरकतात, आणि पेटवली तर वात होण्याऐवजी वितळून थेंब गाळते. दंड घालण्याची तर वेळच येत नाही. कापड धड असतानाच तिच्यावरून मन उतरते. सुती लुगड्याला अनेक जन्म होते आणि शेवटी एक निश्चित मरण होते. या साडीला जन्म एकच असून मरण जवळजवळ नाहीच.

तिला या जिल्ह्यात एक काम मात्र मिळाले आहे. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, उभ्या पिकात शिरू लागल्यापासून अनेक शेतांना जुन्या साड्यांचे कुंपण पडले आहे. बाजारातून गठ्ठ्याने आणलेल्या साड्या बांबूंच्या खुंटांना लांबीत ताणून बांधल्या जातात, आणि वाऱ्याने फडफडणारे ते रंग पाहून जनावर बिचकते, निदान पहिले काही दिवस. पावसाळा, ऊन, थंडी यांतून त्या टिकून राहतात. जो दोष घरात नडला तोच येथे गुण ठरला. सेलू तालुक्यातून बोर अभयारण्याकडे जाणाऱ्या वाटेवर सकाळच्या उन्हात अशी शेते लांबून एखाद्या लग्नघरासारखी दिसतात. जांभळ्यावर सोनेरी बुट्टे, गुलाबी काठ, कुठे टिकल्यांचा पदर. कोणाच्या तरी साखरपुड्याची, कोणाच्या तरी मंगळागौरीची, कोणत्या गावची ते सांगता येऊ नये अशी ही रांग मैलोगणती चालते.

कुंपण बांधण्याचे काम बहुधा नवरा-बायको मिळून करतात. तो खुंट ठोकतो, ती गठ्ठा सोडून एकेक साडी त्याच्या हाती देते. देता देता एखादी साडी तिच्या हातात जरा जास्त वेळ राहते; पदर उलगडून, उजेडाकडे धरून, काठ बोटांच्या चिमटीत चोळून ती पाहते, सुती आहे काय याचा अंदाज घेते, आणि काही न बोलता ती साडी घडी करून डब्याच्या पिशवीत सारते. त्या दिवशी कुंपणात साडीभर जागा मोकळी राहते.